कौतिकाबाईची पिशवी

टाकीवस्तीची गाडी सकाळी नऊ-चाळीसच्या सुमाराला रिकामी व्हायची. सुमेधा साळवे त्या वेळी हातातला चहा खाली ठेवायची आणि डावीकडच्या पडद्यावर नजर लावून बसायची. पट्ट्यावरून एकामागून एक हिरव्या पिशव्या सरकत येत. प्रत्येकीवर घराचा क्रमांक छापलेला असे. टाकी-२१७ हा क्रमांक आला की पडद्यावर तीन ओळी उमटत.

वजन ६१० ग्रॅम.
उष्णता किलोमागे १७४० किलोकॅलरी.
घरस्थिती: एक व्यक्ती, वृद्ध. आहार चांगला. प्रकृती ठीक.

ओळी तीन सेकंद राहत, मग पुढच्या पिशवीच्या ओळी येत. सुमेधा पुन्हा चहा उचलायची.

टाकी-२१७ हे तिच्या आईचं घर होतं. अडीच वर्षं मायलेकींत एक शब्दही झाला नव्हता. सुमेधानं फोन केला तर पलीकडून तो उचलला जात नसे, आणि दारात गेली तर आतून कडी लागे. राहिली होती ती एवढी पिशवी.

करंजगड महानगरपालिकेचा कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प तेव्हा चार वर्षांचा झाला होता. गावात त्याला सगळे नुसतं 'भट्टी' म्हणत. कचरा पेटवायचा, त्याच्या आचेवर पाण्याची वाफ करायची आणि वाफेनं टर्बाइन फिरवायचं, यात नवं काहीच नव्हतं. परदेशात हे शतकभर चाललं होतं. आपल्याकडे मात्र अशा भट्ट्या उद्घाटनानंतर वर्ष-दोन वर्षांत थंड पडत, कारण आपला कचरा ओला. भाजीचे देठ, उष्टं अन्न, चहाचा चोथा. किलोभर कचऱ्यात अर्धा किलो नुसतं पाणी. निम्मी आच ते पाणी आटवण्यातच जाते. शिवाय भट्टीतलं तापमान साडेआठशे अंशांखाली जाऊन चालत नाही. तेवढ्या आचेत धूर निदान दोन सेकंद तापला तरच त्यातली विषं मोडतात. आच उतरली की तीच विषं धुराड्यातून बाहेर पडतात आणि गावाच्या छातीत जाऊन बसतात. भाजीबाजाराची एखादी ओली गाडी आली की आच कोसळायची, आणि ती सावरायला डिझेल जाळावं लागायचं.

करंजगडच्या इंजिनिअरांनी काढलेला उपाय तसा चुलीजवळचाच होता. भाकरी थापणारी बाई ओलं लाकूड कुठलं, सुकं कुठलं हे हातात घेताच ओळखते आणि दोन्ही बेतानं आत सारते. पिशवी भट्टीत पडायच्या आधीच तिच्यात पाणी किती आणि आच किती हे कळलं, तर क्रेनला सांगता येईल की ही आत्ता घे, ती दुपारी घे, या दोन एकत्र घाल. त्यासाठी त्यांनी एक यंत्र बनवलं आणि त्याला 'पारखी' हे नाव दिलं. पट्ट्यावरून जाणाऱ्या पिशवीवर पारखी डोळ्याला न दिसणारा प्रकाश टाकी. प्लास्टिक, कागद, कापड, फळाची साल, प्रत्येक वस्तू त्या प्रकाशातला आपापला वाटा गिळते आणि उरलेला परत धाडते. त्या उरलेल्यावरून वस्तू ओळखायची. ओल मोजायला वेगळ्या सूक्ष्मलहरी होत्या.

प्रयोगशाळेत पारखी पहिल्या फटक्यात पास झालं. खऱ्या पिशवीपुढे मात्र त्याची भंबेरी उडाली. वरणात भिजलेला कागद, केसांच्या गुंत्यात अडकलेली दुधाची पिशवी, राखेत लोळलेलं केळीचं साल यांच्यापुढे त्याचं काही चालेना. त्याला शिकवायला माणूस हवं होतं. आणि कचरा वाचता येणारी माणसं गावात होती ती म्हणजे कचरा वेचणाऱ्या बाया.

सुमेधा तेव्हा प्रकल्पात नवी होती. तिनंच आईचं नाव सुचवलं.

कौतिकाबाईंनी एकतीस वर्षं कचरा वेचला होता. त्या पैशांवर त्यांनी सुमेधाला इंजिनिअर केलं होतं. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना नखं नव्हती, आणि सुया टोचून दोनदा त्यांना दवाखान्यात पडून राहावं लागलं होतं. सुमेधा त्यांना म्हणाली, "आई, हे यंत्र शिकलं ना, की कुठल्याच बाईला उघड्या हातानं घाणीत हात घालावा लागणार नाही. तू शिकव त्याला."

नऊ बाया निवडल्या गेल्या. अकरा महिने त्या हातमोजे घालून, गळ्यात माइक अडकवून टेबलापाशी बसल्या. पिशवी फोडायची, हातात येईल त्या वस्तूचं नाव मोठ्यानं सांगायचं, एवढंच काम. पण कौतिकाबाईंची जीभ वस्तूपाशी थांबायची नाही.

"ही शेपूची देठं. ही लोण्याची पिशवी. आता ह्या घरात लेकरू आलंय बघा, शेपू चाललाय बाळंतिणीला... हे बाबा दाढी करीत न्हाईत चार दिस झालं, पडून हायेत... ह्या बाईचं नवऱ्याशी पटंना, दोघांच्या चहाचा चोथा येगळा-येगळा..."

यंत्राला शिकवणारी पोरं हसायची, पण सगळं तसंच नोंदलं जात होतं. अकराव्या महिन्याच्या शेवटी त्यांच्या लक्षात आलं की पारखी वस्तूंबरोबर घरंही ओळखायला लागलंय. बाळ आलेलं घर, आजारी घर, लग्नाचं घर. प्रकल्पाला ते पथ्यावरच पडलं. बाळाच्या घरातून ओले लंगोट येणार, लग्नाच्या घरातून सुक्या पत्रावळ्या येणार, म्हणजे आठवड्याभराच्या आचेचा अंदाज आधीच बांधता येणार. म्हणून पडद्यावर तिसरी ओळ आली, घरस्थिती. ती फक्त अंदाजासाठी होती. ती वाचून कुणा घराशी संपर्क केला तर नोकरी जाईल, अशा कागदावर सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. सुमेधानंही.

भट्टी उत्तम चालली. गावातले एक तृतीयांश दिवे तिच्यावर लागू लागले, आणि डिझेलचं पिंप कोपऱ्यात गंजत पडलं. मग नियम आला. कागद आणि प्लास्टिक हीच भट्टीची खरी आच, तेव्हा यापुढे कुणीही पिशवी फोडायची नाही, वस्तू काढायची नाही. आठशे बायांचं काम एका पावसाळ्यात गेलं. थोड्यांना झाडूखात्यात घेतलं, बाकीच्या पांगल्या. कौतिकाबाईंची जिवाभावाची पारूबाई भावाच्या गावी गेली आणि तिथं उसाच्या फडात वारली.

पारूबाईची बातमी आली त्या दिवशी कौतिकाबाई लेकीच्या क्वार्टरवर आल्या. आत बसल्या नाहीत.

"तू म्हणाली हुतीस, बायांच्या हाताची घाण जाईल," त्या म्हणाल्या. "घाण गेली. हात बी गेलं."

"आई, मी असं ठरवलं नव्हतं गं."

"तू न्हाई ठरवलंस. पण शिकवलं म्या. माझ्या तोंडानं शिकवलं." त्या पायरी उतरल्या. "आता मला बोलायला लावू नगंस. हे तोंड लई बोललंय."

तो शेवटचा शब्द.

त्यानंतर सुमेधा पिशवी वाचू लागली. तसं करणं नियमात बसत नव्हतं आणि त्यानं नियम मोडतही नव्हता. पडदा समोरच होता, डोळे फक्त तिथं थोडे जास्त रेंगाळत. पहिला महिना टाकी-२१७ मधून जवळजवळ काहीच आलं नाही. मग हळूहळू येऊ लागलं. चहाचा चोथा, कांद्याची टरफलं, कधी अंड्याची कवचं. एकदा पारखीनं 'गोड पदार्थ' अशी नोंद केली तेव्हा सुमेधाला बरं वाटलं. आई काहीतरी गोड करून खाते आहे म्हणजे राग थोडा निवला असेल. शेजारच्या खुर्चीवरचा फिरोज तांबोळी तिच्याच वयाचा, शांत माणूस. नऊ-चाळीसला बाई कुठं बघतात हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. त्यानं कधी विचारलं नाही.

गेल्या तीन-चार आठवड्यांत तर पिशवी पाहून मन भरून येत होतं. डाळिंबाची सालं, मोसंबीची सालं, अंड्याची कवचं. आई फळं खातेय. आहार चांगला, प्रकृती ठीक. या दिवाळीला पुन्हा एकदा दार वाजवून बघायचं, असं सुमेधानं मनाशी ठरवलं होतं.

महिनाअखेरीला पारखीच्या चुका शोधायचं काम असे. प्रत्येक घराच्या आचेची रोजची रेघ काढायची आणि कुठं यंत्र अडकलंय का ते तपासायचं. त्या गुरुवारी हे काम फिरोजकडे होतं.

"मॅडम, इथं सेन्सर अडकलाय वाटतं," तो म्हणाला. "टाकीवस्तीतलं एक घर आहे. ही रेघ बघा, ताणून बांधलेल्या दोरीसारखी." मग त्यानं क्रमांक वाचला आणि खुर्ची बाजूला सरकवली.

सुमेधा त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. पडद्यावर शंभर घरांच्या रेघा होत्या. सगळ्या वरखाली उड्या मारत होत्या. रविवारी चढत होत्या, उपासाला उतरत होत्या. टाकी-२१७ ची रेघ बावीस दिवस सरळ गेली होती. वजन सहाशे पाच ते सहाशे पंधरा ग्रॅम. आच सतराशे तीस ते सतराशे पन्नास.

"सेन्सर ठीक आहे," सुमेधा म्हणाली.

"मग?"

सेन्सर ठीक होता, कारण त्याच सेन्सरखालून गेलेली शेजारची २१६ आणि २१८ ही घरं खालीवर होत होती. माणूस राहतं त्या घराचा कचरा रोज सारखा निघत नाही. एखाद्या दिवशी भात उतू जातो, एखाद्या दिवशी पाहुणा येतो, कधी जेवायचाच कंटाळा येतो. बावीस दिवस एकाच वजनाची, एकाच ओलीची पिशवी आपोआप भरत नाही. ती कुणीतरी बेतून भरावी लागते. आणि नुसत्या हातावर तोलून दहा ग्रॅमचा फरक ओळखणारी बाई त्या गावात एकच होती.

"मी जाते," सुमेधा म्हणाली.

"मॅडम, सही केलीये आपण," फिरोज हळूच म्हणाला. मग लगेच म्हणाला, "जा तुम्ही. पाळीचं मी बघतो."

टाकीवस्तीच्या तोंडाशी गोवर्धन नावाच्या माणसाची रसाची गाडी होती. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून सुमेधा तिथं थांबली आणि डझनभर मोसंबी मागितली.

"कुणाकडे पाहुण्या?" त्यानं पिशवीत मोसंबी टाकत विचारलं.

"कौतिकाबाईंकडे. लेक आहे मी त्यांची."

"अरे वा!" तो खुलला. "मग विचाराच बरं मावशींना, शेळी व्यायली का म्हणून."

"कुठली शेळी?"

"त्यांची शेळी हो! रोज दुपारी येतात, डाळिंबाची, मोसंबीची सालं घेऊन जातात शेळीला. मी म्हटलं, एवढी सालं खाते म्हणजे गाभणच असणार." तो हसला. "समोरच्या आम्लेटवाल्याकडून अंड्याची कवचंसुद्धा नेतात. शेळीला चुना मिळतो म्हणे त्यातून."

सुमेधानं मोसंबीची पिशवी घेतली. आईनं कधीच शेळी पाळली नव्हती; गल्लीत वळताच सुमेधानं पावलं उचलली.

दार उघडं होतं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर सालं मांडून ठेवली होती. एका बाजूला डाळिंबाची, एका बाजूला मोसंबीची, मधे कवचं, थोडा चहाचा चोथा. त्याच्यापुढे कौतिकाबाई बसल्या होत्या. लुगड्यात माणूस आहे की नुसतंच लुगडं ठेवलंय असा प्रश्न पडावा इतक्या त्या वाळल्या होत्या. एक साल हातावर तोलून त्या पिशवीत टाकत होत्या. सावली पडली तशी त्यांनी मान वर केली.

"आलीस?" आवाज घोगरा, फाटलेला होता. "कुठं चुकलं माझं?"

सुमेधा उंबऱ्यातच बसली. "रोज सारखंच भरलंस," ती म्हणाली. "कमी-जास्त करायला पाहिजे होतंस."

"व्हय गं." कौतिकाबाईंनी मान हलवली. "ते ध्यानात आलं न्हाई. एकदा जमलं तसंच ठिवलं."

घासच उतरत नव्हता. आधी भाकरी अडकायला लागली, मग भात, मग मऊ खिचडी. आता पेज आणि दूध तेवढं चमच्यानं जात होतं. खोकल्यातलं रक्त पुसलेल्या चिंध्या त्या चुलीत जाळत होत्या आणि गोळ्यांची पाकिटं शेजारणीच्या पिशवीत टाकत होत्या. हे सगळं त्यांनी एखाद्या लांबच्या बाईबद्दल बोलावं तसं सांगितलं.

"तुला कसं कळलं मी वाचते ते?" सुमेधानं विचारलं.

"त्याला शिकवलं म्या, आन तुला वाढवलं बी म्याच. पहिल्या दिवसापास्नं बघत आसणार तू." त्या दम खायला थांबल्या. "पहिला महिना रागानं कायच टाकलं न्हाई पिशवीत. गटारात टाकलं, पण पिशवीत न्हाई. मग वाटलं, पोरगी तिथं बघत बसली आसंल, रिकामी पिशवी बघून जेवायची न्हाई. मग टाकाया लागले. तुझ्या वाढदिवसाला रव्याचं लाडू केलं हुतं. तूप सांडलेला कागद मुद्दाम वर ठिवला. दिसला का तुला?"

"दिसला," सुमेधा म्हणाली. "पारखीनं 'गोड पदार्थ' लिहिलं होतं."

"एवढंच?"

"एवढंच."

कौतिकाबाई जराशा हसल्या. "बोलायला न्हाई शिकलं मग ते अजून."

"आई, मला बोलवायचं होतंस गं. एकदा तरी."

"बोलावलं असतं तर तू आली असतीस. तू आलीस की मी मऊ पडले असते." कौतिकाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "पारू उन्हात मेली. तिच्या तोंडात पाणी घालाया कोण नव्हतं. मी तुझ्याकडं पंख्याखाली गोळ्या खात बसायची? मन घेत न्हाई माझं. आन तुला काळजीत ठिवायला बी घेत न्हाई. मग हे केलं."

सुमेधा पुढे सरकली आणि तिनं वर्तमानपत्राची चारी टोकं धरून सालं गुंडाळली. आईनं अडवलं नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं आणि सुमेधाला बाहेर बोलावलं. अन्ननलिकेचा कर्करोग, यकृतापर्यंत पोचलेला. चार-पाच महिन्यांआधी आल्या असत्या तर काही करता आलं असतं, असं त्या म्हणाल्या. आता पोटातून नळी बसवता येईल, त्यानं थोडे दिवस वाढतील. कौतिकाबाईंना विचारलं तर त्यांनी हातानंच नाही म्हटलं. सुमेधानं रजा टाकली आणि आईला क्वार्टरवर आणलं. या खेपेला त्या पायरी चढून आत आल्या. खरं तर सुमेधानं त्यांना उचलूनच आणलं. वजन काहीच नव्हतं.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी फिरोज दारात उभा राहिला. हातात स्टीलचा डबा. "नाचणीचं सत्त्व आहे, अगदी पातळ," तो म्हणाला. "घरून दिलंय. मलमल तीनदा बदलून गाळलंय, घशाला लागणार नाही."

सुमेधानं डबा घेतला. मग तिच्या लक्षात आलं. आईला काय झालंय हे तिनं प्रकल्पात कुणालाच सांगितलं नव्हतं. रजेच्या अर्जात 'घरगुती कारण' एवढंच होतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं घशाचं?"

फिरोजनं दाराशी ठेवलेल्या हिरव्या पिशवीकडे पाहिलं. प्रकल्पाच्या वसाहतीतल्या पिशव्याही त्याच पट्ट्यावरून जात होत्या. वसाहत-१२ हे सुमेधाचं क्वार्टर.

सुमेधाचा चेहरा तापला. तिला वाटलं, घराची एक भिंत कुणीतरी काढून नेलीये आणि आईची ओली चादर, चिंध्या, औषधं, सगळं रस्त्यावरून दिसतंय. तिनं अडीच वर्षं आईच्या घरात असंच पाहिलं होतं. डबा परत द्यावा असं वाटलं. मग सत्त्वाचा कोमट स्पर्श हाताला लागला आणि ती तशीच उभी राहिली.

"काय लिहितंय ते?" तिनं विचारलं. "तिसऱ्या ओळीत?"

"मॅडम, नका विचारू."

डॉक्टरांनी महिना-दोन महिने सांगितले होते. फिरोजचा चेहरा काही वेगळंच सांगत होता.

"किती दिवस?"

"दिवस लिहीत नाही ते," तो म्हणाला. "पण काल शब्द बदलला."

आतून घोगरा आवाज आला. "काय म्हणतंय माझं गुणाचं लेकरू?"

"काही नाही, आई. फिरोजभाऊ सत्त्व घेऊन आलेत."

"बरोबर वाचत आसंल ते," कौतिकाबाई म्हणाल्या. "आता माझ्यात कुठं राह्यलंय ताकद, त्याला फसवायची."

त्या गेल्या त्याच आठवड्यातल्या गुरुवारी, सकाळी, उजाडल्यावर. टाकीवस्तीतल्या बाया आल्या, पांगलेल्यांपैकी ज्यांना कळलं त्याही आल्या. कुणी सुमेधाशी बोललं, कुणी बोललं नाही. पण बुद्धवंदना म्हणताना सगळ्या एका आवाजात म्हणाल्या.

सुमेधानं पुढे तीन पानांचा अर्ज लिहिला, की भट्टीला आच कळू दे, घर कळायची गरज नाही, तिसरी ओळ बंद करा. आपण स्वतः अडीच वर्षं काय केलं, तेही तिनं त्यात लिहिलं. समितीपुढे प्रकल्पाचे प्रमुख देवस्थळी साहेब तिच्याशी सौम्यपणे बोलले. दरम्यान आरोग्य विभागानं ती ओळ मागून घेतली होती. एकट्या राहणाऱ्या अकरा म्हाताऱ्या माणसांना तिच्यामुळे वेळेवर मदत मिळाली होती. त्यांची नावं यादीत होती, ती खरी होती.

"तुमच्या आईसुद्धा त्यामुळेच सापडल्या ना, सुमेधाताई?" साहेब म्हणाले.

"आई उशिरा सापडली, साहेब. त्या यंत्रानं शेवटपर्यंत प्रकृती ठीक लिहिलं. मी ते वाचून रोज चहा प्यायले. ते वाचायला नसतं, तर मी दार तोडून आत गेले असते."

त्या अकरा माणसांना काय सांगायचं, असं त्यांनी विचारलं. ओळ चालू राहिली. सही मोडल्याबद्दल नोकरी न जाता तिला नुसती ताकीद मिळाली, आणि तिनं स्वतःहून टर्बाइनकडे बदली मागून घेतली. तिथं पिशव्या दिसत नाहीत, फक्त वाफेचा दाब दिसतो.

पण ती कुणाला आईबद्दल सांगते तेव्हा यातलं काही सांगत नाही. ती मंगळवारची गोष्ट सांगते, आई जायच्या दोन दिवस आधीची.

त्या दिवशी पाण्याचा थेंबही उतरत नव्हता. ओल्या कापसानं सुमेधा आईचे ओठ भिजवत होती. दुपारी बाराच्या सुमाराला कौतिकाबाईंनी डोळे उघडले.

"भाकर कर," त्या म्हणाल्या.

"आई, भाकरी कशी जाईल गं?"

"कर म्हणते ना. आन सुकट भाज. लसूण घाल."

सुमेधाला भाकरी येत नसे. शिकायच्या वयात आईनं तिला चुलीपाशी येऊच दिलं नव्हतं, अभ्यासाला पिटाळलं होतं. खाटेवरून कौतिकाबाई सांगत गेल्या. पाणी कोमट घे. मळ अजून, तळव्यानं मळ. पाणी लाव वरनं. आता उलट. आवाज पोचत नसे तेव्हा बोटानं दाखवत. पहिली भाकरी फाटली, दुसरी करपली, तिसरी एका बाजूनं फुगली.

"ती घे," कौतिकाबाई म्हणाल्या. "ताटात वाढ. आता हितं बस. माझ्यासमोर."

सुमेधा ताट घेऊन खाटेजवळ खाली बसली.

"खा."

"तुझ्यासमोर? नको गं आई. मला घास नाही जायचा."

"महिना झाला, तू उभ्यानं चहा-बिस्कुट खातीस. मला काय दिसत न्हाई?" त्या थांबल्या, श्वास घेतला. "खा. मला बघू दे."

सुमेधानं घास मोडला, त्यात सुकट घेतली आणि तोंडात घातला. कौतिकाबाईंची नजर तिच्या तोंडावर होती. सुमेधानं घास गिळला तशी त्यांच्या वाळलेल्या गळ्यातही बारीक हालचाल झाली. मग दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. खोलीत सुकटीचा वास भरला होता. सुमेधाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते न पुसता खात होती.

"तिखट झालंय का?"

"झालंय."

"झालंच पायजे. पाणी पी." त्यांनी उशीवर मान टेकवली, पण डोळे मिटले नाहीत. "अजून अर्धी घे."

सुमेधानं अजून अर्धी भाकरी घेतली.